कुत्र्याला शिकवणारी माणसं
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळानं आम्हाला विषय दिला होता ‘पाळीव प्राण्यांचे आरोग्य’. तो आम्ही बदलून मागितला. आम्ही म्हणजे सरकारी पशुचिकित्सालयातली डिप्लोमावाली मंडळी. कागदावर आमचं पद चांगलं लांबलचक आहे, ‘सहायक पशुचिकित्सा क्षेत्र अधिकारी’, पण लोक आम्हाला कंपाउंडर म्हणतात आणि आम्हीही ‘ओ’ देतो. लसी टोचायच्या, मलमपट्टी करायची, डॉक्टरसाहेब तपासत असताना जनावर धरायचं, ही आमची कामं. जनावर धरणाऱ्याला एक गोष्ट दिसते ती इतरांना दिसत नाही. टेबलावर येणाऱ्या कुत्र्यांपैकी कित्येकांना आजार नसतोच. ताप नाही, जंत नाहीत, रक्त ठीक, आणि तरी मालक रडकुंडीला आलेला. ‘चावतो’, ‘रात्रभर भुंकतो’, ‘एकटा ठेवला की सोफा फाडतो’. यावर आमच्या कपाटात औषध नाही. ते ज्याच्याजवळ आहे त्या माणसाबद्दल बोलावं असं आम्हाला वाटलं.

ग्वाल्हेरकरांना तर या विषयाचा अभिमानच हवा. आपल्यापैकी बहुतेकांना झाशी रस्त्यावरचं टेकनपूर अश्रुधुराच्या कारखान्यामुळे माहीत आहे. पण तिथंच, सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत, १९७० पासून श्वान प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या बाड्यापासून तीसेक किलोमीटरवर. देशभरच्या पोलीस दलांतले आणि केंद्रीय दलांतले कुत्रे आणि त्यांचे हँडलर तिथं शिकायला येतात. लष्कराचं याच कामाचं केंद्र मेरठला आहे, पण आपलं ते टेकनपूर.

तिथली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. कुत्रा शिकून तयार झाला आणि मग कोणाच्या तरी हाती दिला, असं तिथं होत नाही. हँडलर आणि कुत्रा जोडीनं भरती होतात आणि जोडीनं शिकतात. खाणं तोच देतो, खरारा तोच करतो, फिरवायला तोच नेतो. कित्येक महिने हा क्रम चालतो. त्या दोघांना शिकवणाऱ्याला दलात ‘उस्ताद’ म्हणतात. कुस्तीच्या आखाड्यातला शब्द इथंही आहे याची आम्हाला गंमत वाटते, पण शब्द बरोबर आहे. उस्ताद कुत्र्याला जितकं शिकवतो त्याहून जास्त त्या जवानाला शिकवतो.

बॉम्बशोधक कुत्रा देशप्रेमानं बॉम्ब शोधतो असं आपल्याला सिनेमावरून वाटतं. खरं म्हणजे तो चेंडू शोधत असतो. स्फोटकाचा वास लागला की चेंडू मिळतो, ही गाठ त्याच्या डोक्यात शेकडो वेळा बांधलेली असते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी, त्यामुळे वास लागणं त्याला कठीण नाही. कठीण आहे ते पुढचं. वास लागल्यावर त्यानं उकरायचं नाही, भुंकायचं नाही, नुसतं शांत बसून राहायचं. उकरलं तर सगळेच उडतील. आवडती वस्तू समोर असताना स्वस्थ बसणं हे आपल्या मुलांना मोदकाच्या ताटासमोर जमत नाही, ते त्याला जमवून देतात. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉरनं १९९३ च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. ते गेलं २००० साली, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. फोटो आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याला शिकवणाऱ्याचं नाव मात्र आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही. या धंद्याचं असंच आहे.

अजून एक आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. मुधोळचे घोरपडे हे मराठी राजे. त्यांच्या संस्थानातल्या लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांना त्यांनी आश्रय दिला आणि मालोजीराव घोरपड्यांनी त्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला, भेट दिली. तेव्हापासून त्यांना मुधोळ हाउंड हे नाव पडलं. आपल्या महाराष्ट्रात यालाच कारवान म्हणतात. कित्येक वर्षं म्हटलं जायचं की हा कुत्रा पळायला चांगला, पण शिकायला हट्टी. टेकनपूरच्या लोकांनी त्यालाही शिकवून दाखवलं. २०२४ च्या लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत सीमा सुरक्षा दलाची ‘रिया’ नावाची मुधोळ कुत्री माग काढण्यात पहिली आली आणि सगळ्या स्पर्धेतली सर्वोत्तमही ठरली, जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉइजना मागं टाकून. शिकवणारा बदलला की ‘हट्टी’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

आता घरात येऊ.

घरातल्या कुत्र्याला बॉम्ब शोधायचा नाही. त्यानं पाहुण्यांवर उड्या मारू नयेत, बोलावलं की यावं, साखळीला ओढू नये, आणि आजींच्या सोवळ्याला शिवू नये, एवढीच आपली अपेक्षा. पण हे शिकवणं काही अंशी जास्त अवघड आहे, कारण छावणीत एका कुत्र्यामागे एक माणूस असतो आणि आपल्या घरात एका कुत्र्यामागे सात माणसं, सातही जण शिकवणारी.

त्यातून आपण ग्वाल्हेरची मराठी माणसं. आमच्याकडे येणाऱ्या मराठी घरांतल्या कुत्र्यांना त्रिभाषा सूत्र लागू असतं. आजी म्हणतात ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, कामवाली बाई म्हणते ‘बैठ’. इथपर्यंत ठीक. कुत्रा हुशार असतो, तीन शब्द शिकेल. पण मराठीत ‘बस’ म्हणजे खाली बस आणि हिंदीत ‘बस’ म्हणजे पुरे. कुत्रा भुंकत असतो, मुलगा ओरडतो, ‘बस, बस, बस!’ कुत्रा बसतो, आणि बसून भुंकतो. मुलगा म्हणतो ऐकत नाही. अहो, ऐकला ना तो, आजींचं ऐकला! चांगला प्रशिक्षक घरी आला की पहिल्या दिवशी कुत्र्याला हात लावत नाही. तो सगळ्या घराला एकत्र बसवतो आणि कोणत्या कामाला कोणता शब्द, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावतो. भाषा कोणतीही चालेल. भांडण आजी-नातवात व्हायचं ते होऊ द्या, शब्द एकच ठरवा.

दुसरी गोष्ट वेळेची. बक्षीस असो की दटावणी, ती कृतीला चिकटून यावी लागते, एखाद्या सेकंदात. कुत्रा बसला, आपण ‘शाब्बास’ म्हणत आत गेलो, डबा उघडला, बिस्किट आणलं, तोवर तो उठून उडी मारत असतो. बिस्किट मिळालं उडी मारल्याचं. नामदेव महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. संतांची दृष्टी निराळी, तिला आमचा साष्टांग नमस्कार. पण प्रशिक्षक हळूच म्हणेल की महाराज, आता तो रोज पळवणार.

एका घरातली हकीगत सांगतो. घर आपल्याच समाजातलं, म्हणून नाव, गल्ली काही सांगत नाही.

अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड, शेरू. घरात निवृत्त आजोबा, मुलगा, सून, दोन नाती. कुत्रा दांडगा, पाहुण्यांवर उड्या मारायचा. कोणी तरी सुचवलं म्हणून त्याला पंचेचाळीस दिवस एका ठिकाणी ‘राहून शिकायला’ ठेवला. फोनवर व्हिडिओ यायचे, शेरू पुतळ्यासारखा बसलेला. परत आला तेव्हा खरंच शांत होता. घरचे खूश. आठवड्याभरानं आजोबा काठी टेकत जवळून गेले की तो गुरगुरू लागला. शिकवणाऱ्यानं सांगून ठेवलं होतं की गुरगुरला की फटका द्या. मुलानं तसे दिले. गुरगुरणं थांबलं. आणि एका संध्याकाळी आजोबांनी दारातून बाजूला हो म्हणून काठी पुढं केली, तर आवाज नाही, काही नाही, थेट मनगट धरलं.

सूनबाई शहाणी. तिनं नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात धुतला आणि मग दवाखाना गाठला. तिथं रेबीजची लस आणि जखमेत सीरम, दोन्ही झालं. हळद, मिरची, चुना असलं काही लावलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या वाड्यांतून अजून लावतात. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसानं डॉक्टरकडे जायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा शेरूला घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, ‘याला इंजेक्शन देऊन टाका.’ डोळे सुजलेले होते. गंमत म्हणून कोणी असं मागत नाही. घरात ऐंशीला टेकलेले वडील, दोन लहान मुली. त्याचं चुकलं असं आम्हाला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. डॉक्टरसाहेबांनी शांतपणे सांगितलं की चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, तोवर काही करता येत नाही. दहा दिवस मिळाले. मुसकं बांधून आम्ही त्याला टेबलावर घेतला आणि मानेचे केस बाजूला सारले. खाली ओळीनं खपल्या होत्या, काट्यांच्या पट्ट्याच्या. दाट केसांमुळे घरच्यांना दिसल्या नव्हत्या. पुतळ्यासारखं बसणं कुठून आलं ते तिथं लिहिलेलं होतं.

डॉक्टरसाहेबांनी दलातून निवृत्त झालेल्या एका उस्तादांना फोन केला. ते रविवारी त्या घरी गेले, आमच्यातला एक जण बरोबर होता. उस्ताद दीड तास चहा पीत बसले. कुत्र्याकडे अर्धी पाठ. हाक नाही, चुचकारणं नाही. प्रश्न मात्र सारखे. जेवण कोण देतं? झोपतो कुठं? आजोबांची काठी पहिल्यापासूनच होती का? मग आजोबांना म्हणाले, जरा चालून दाखवा. फरशीवर टक्‌टक्‌ झाली तसा शेरू भिंतीला चिकटला, तोंड फिरवलं, ओठ चाटू लागला. उस्ताद म्हणाले, ‘देखिए, अब ये बोल रहा है.’ तिथं त्या पंचेचाळीस दिवसांत काठी वापरली असणार. कुत्र्याला आजोबा चावायचे नव्हते, काठी थांबवायची होती. गुरगुरणं ही त्याची सूचना होती. ती मार देऊन बंद केली, म्हणून तो सूचना न देता चावला. आमच्या सगळ्या नोकरीत ऐकलेलं हे सर्वांत उपयोगी वाक्य: गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका, तो का गुरगुरतो ते शोधा.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. मानेवरच्या जखमा भरेपर्यंत गळ्यात पट्टा नाही, छातीचा पट्टा. पहिला आठवडा मुसक्याला आतून साय लावून त्याला ते आपखुशीनं घालायला शिकवणं. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला काठी नुसती जमिनीवर पडलेली, आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. मग आजोबा खुर्चीत, काठी मांडीवर, तुकडा लांबून टाकायचा. मग काठीची एकच टक्‌, आणि तुकडा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. कुत्रा ताणला की एक पायरी मागं. आजोबा चार दिवसांत वैतागले. ‘माझ्याच घरात मी कुत्र्याची मनधरणी करायची? आणि तीही कोंबडीनं?’ घर शाकाहारी होतं हो. शेवटी पनीरवर तडजोड झाली. धाकटी नात कॅलेंडरवर रोज खूण करी, आणि खूण चुकली की आजोबांना जाब विचारी, म्हणून ते टिकले.

साडेतीन महिने लागले. आता काठीचा आवाज आला की शेरू उठून आजोबांच्या खिशाकडे बघतो. पण उस्तादांनी घरच्यांना गोड गोड सांगितलं नाही. पाहुणे आले की तो अजून जाळीच्या दारामागे असतो, आमच्याकडे येताना मुसकं असतं, आणि मुलींच्या मैत्रिणींबरोबर त्याला एकटं सोडत नाहीत. हे बहुधा जन्मभर राहील. दुसऱ्या एका घरात याच उस्तादांनी साफ सांगितलं की इथं हा कुत्रा राहू नये. तो डबऱ्याकडे एका शेतावर गेला. ‘कसाही कुत्रा सुधारून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘इथं नाही जमणार’ म्हणू शकणाऱ्यावर आम्ही जास्त विश्वास ठेवतो.

मारून शिकवणारे सगळेच दुष्ट असतात असं नाही. त्यांच्या डोक्यात एक जुनी समजूत आहे: कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक सरदार असतो, म्हणून मालकानं सरदार व्हायचं, कुत्र्याला उलटं पाडून दाबायचं. १९४७ साली एका स्विस शास्त्रज्ञानं बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून हा विचार मांडला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं तो जगभर नेला. पुढं याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. सरदारकीची मारामारी त्यात नसते. लिहिणाऱ्यानं मागं घेतलं, पण आपल्याकडच्या मैदानांतून अजून चालू आहे.

आपल्या देशात डॉक्टर व्हायला परवाना लागतो, आमच्यासारख्याला डिप्लोमा लागतो, पण ‘डॉग ट्रेनर’चा बोर्ड कोणीही लावू शकतो. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते. शिकवताना आम्ही बसून बघू का, असं विचारा. नाही म्हणाला तर तिथूनच परत या. त्याच्या पिशवीत काय आहे ते बघा. आणि तो घरातल्या कोणाला शिकवणार हे विचारा. ‘तुम्ही काही करू नका, कुत्रा माझ्याकडे सोडा’ हे ऐकायला सोयीचं असतं, कारण आपल्याला वेळ नसतो. पण तिथं शिकलेलं तिथल्या माणसाजवळ राहतं. शेरूच्या घरच्यांनी त्या जागेवर जाऊन पैसे परत मागितले, तर उत्तर मिळालं की तुमचाच कुत्रा खराब आहे.

पिल्लू आणणार असाल त्यांच्यासाठी थोडं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या दिवसांत जे भेटलं ते ओळखीचं, जे नाही भेटलं ते पुढं भीतीचं. नेमक्या याच दिवसांत लसी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून आम्हीच सांगतो बाहेर सोडू नका. मग मार्ग काय? जमिनीवर सोडू नका, कडेवर न्या. दाल बाजारची गर्दी, रिक्षा, छत्री, दाढीवाले, काठीवाले आजोबा, सगळं कडेवरून दाखवा.

ढोल-ताशाचंही तसंच. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्याही पुढं. आपल्या उत्साहात त्यांचे हाल होतात, पण ढोल बंद करा असं गणपतीत सांगायला आम्ही वेडे नाही. ढोलाचं रेकॉर्डिंग महिनाभर आधीपासून अगदी बारीक आवाजात जेवताना लावायचं आणि हळूहळू वाढवायचं. यंदा ते राहिलं असेल तर मिरवणुकीच्या दिवशी त्याला रस्त्यापासून लांबच्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, कूलर चालू ठेवा. घाबरून पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. दार नीट लावा, कारण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हरवलेल्या कुत्र्यांचे फोन आम्हाला दरवर्षी येतात.

भाषणाआधी एक चिठ्ठी आली आहे. समाजातल्या एका मुलाला हे काम शिकायचं आहे, घरचे विचारतात, यात भवितव्य आहे का? आणि खाली बारीक अक्षरात, ‘लग्न जमेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मंडळाच्या वधू-वर सूचक समितीनं द्यावं. पहिल्याचं आम्ही देतो. दलात जायचं तर आधी जवान म्हणून भरती व्हावं लागतं. बाहेर शिकायचं तर एखाद्या चांगल्या उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं पिंजरे धुवावे लागतात. पहिली वर्षं पैसा थोडा, चावे बरेच, रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी लागते. शहरात कुत्रे वाढताहेत, त्यामुळे काम कमी पडणार नाही. कुत्रा आवडतो एवढ्यावर मात्र येऊ नका. दिवसातला बहुतेक वेळ माणसांना समजावण्यात जातो, आणि माणसं कोंबडीच्या तुकड्यावर ऐकत नाहीत. त्या मुलानं रविवारी सकाळी नऊला चिकित्सालयात यावं, उस्ताद त्या वेळी येतात. बूट जुने घालून ये म्हणावं.